हरलेल्या खटल्यांचा हिशेब

वकील गेला की न्यायालयात शोकसभा होते. सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे काळे कोट एका दालनात जमतात, न्यायाधीशही खाली येतात. बार असोसिएशनचे, म्हणजे वकिलांच्या संघटनेचे, अध्यक्ष कागदावरून वाचतात: जन्म अमुक साली, सनद अमुक साली, अमुक वकिलांकडे उमेदवारी, मग सहायक सरकारी वकील, दोन वेळा बारचे अध्यक्ष, अमुक गाजलेल्या खुनाच्या खटल्यात आरोपींची निर्दोष सुटका. मग दोन मिनिटे स्तब्धता. उच्च न्यायालयात याचेच मोठे रूप असते, त्याला फुल कोर्ट रेफरन्स म्हणतात. भाषा इंग्रजी असते आणि पदे मोठी असतात, एवढाच फरक.

तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना अशा बऱ्याच सभांना मी उभा राहिलो आहे. गेलेला माणूस कोणता खटला हरला, हे मी तिथे एकदाही ऐकलेले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या बारमधले एक ज्येष्ठ वकील गेले. शोकसभेत बोलायला मला सांगितले आणि कारकुनाने माझ्या हाती टिपण ठेवले. त्यात पदे होती, वर्षे होती, जिंकलेले चार खटले होते. त्यांच्या दारात मी उमेदवारीची तीन वर्षे काढली आहेत. ज्या एका कामाने त्यांची झोप उडालेली मी पाहिली, ते त्या टिपणात नव्हते, कारण ते काम ते हरले होते. तेव्हापासून डोक्यात हा प्रश्न आहे की वकील आठवायचा तो कशावरून. हा आमच्या बाररूमपुरता प्रश्न आहे असे मला वाटत नाही. समाज ज्या वकिलांचे फोटो भिंतीवर लावतो, त्यांच्याकडे बघूनच नवा पोरगा ठरवतो की कोणते वकीलपत्र घ्यायचे आणि कोणते टाळायचे.

माझे म्हणणे सरळ आहे. वकिलाचे आयुष्य मोजायला जिंकलेल्या खटल्यांची यादी अपुरी पडते, आणि पुष्कळदा फसवतेही. तो कोणते खटले हरला, कोणासाठी हरला आणि हरताना नेमके काय बोलला, हे त्याच्या आठवणीत यायलाच हवे. उदाहरणादाखल ज्यांचे नाव घ्यावेसे वाटते, ते महाराष्ट्राने जवळजवळ विसरलेले आहे: विठ्ठल महादेव तारकुंडे.

तारकुंडे मूळचे सासवडचे, जन्म १९०९ चा. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुण्यात वकिली करू लागले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी असे ओढले गेले की १९४२ मध्ये चालती वकिली बाजूला ठेवून रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे पूर्णवेळ काम करू लागले. १९४६ च्या निवडणुकीत त्या पक्षाचा धुव्वा उडाला आणि १९४८ मध्ये रॉय यांनी पक्षच विसर्जित केला. चाळिशीच्या उंबरठ्यावर तारकुंडे पुन्हा कोट चढवून मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहिले. १९५७ मध्ये तिथेच न्यायाधीश झाले. बारा वर्षे त्या खुर्चीवर बसले आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, १९६९ मध्ये, स्वतःहून उतरले.

न्यायाधीशाची खुर्ची सोडणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. उच्च न्यायालयाचा कायम न्यायाधीश पुन्हा त्याच न्यायालयात वकिली करू शकत नाही. राज्यघटनेचे २२० वे कलम त्याला फक्त सर्वोच्च न्यायालय आणि इतर उच्च न्यायालये मोकळी ठेवते. म्हणजे साठीच्या माणसाने आपले गाव, आपली माणसे आणि उभ्या आयुष्यात जोडलेले अशील मागे टाकून दिल्लीत नव्याने उभे राहायचे. कालपर्यंत ज्यांनी ‘माय लॉर्ड’ म्हटले, त्यांच्या रांगेत बसून आपला नंबर यायची वाट बघायची. तारकुंड्यांनी ते केले. आणि दिल्लीत जी कामे हाती घेतली, त्यातली मोठी कामे हरणारीच होती.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर त्यांनी सिटिझन्स फॉर डेमोक्रसी ही संस्था उभी केली. निवडणूक सुधारणांसाठी जयप्रकाशांनी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. मतदानाचे वय अठरा करावे, ही त्या समितीची एक शिफारस होती. पुढे ती घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आली तेव्हा समितीचे नाव कोणाच्या ओठावर नव्हते. मग आणीबाणी आली.

२५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांत राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेच्या १४, २१ आणि २२ या कलमांखालचे, म्हणजे समानतेचे, जगण्याचे आणि अटकेपासून संरक्षणाचे, हक्क न्यायालयात मागण्याची वाट बंद झाली. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली देशभर हजारो माणसे आत गेली. त्यांच्या नातेवाइकांनी हेबियस कॉर्पसचे अर्ज केले, म्हणजे या माणसाला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरलेत ते सांगा, अशी मागणी. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की हे अर्ज आम्ही ऐकू शकतो. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल हा खटला पाच न्यायाधीशांपुढे उभा राहिला. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण आणि सोली सोराबजी यांच्यासह जे वकील उभे होते, त्यांत तारकुंडे होते.

त्या सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारच्या महान्यायवादींना विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला, तर आणीबाणी असेपर्यंत दाद मागायची सोय आहे का? उत्तर आले की आपल्या युक्तिवादाशी प्रामाणिक राहायचे तर सोय नाही. इतके स्वच्छ उत्तर मिळाल्यावर निकाल काय लागायला हवा होता, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला: चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. खन्ना एकटे राहिले आणि पुढल्या जानेवारीत सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले.

खन्ना यांना इतिहासाने न्याय दिला, त्यांचे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. ते योग्यच आहे. पण ते भिन्नमत आकाशातून पडले नव्हते. त्या न्यायालयात उभे राहून कोणीतरी ते मुद्दे मांडले होते. जगण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेली देणगी नव्हे, घटनेआधीही तो होता आणि कायद्याच्या राज्यात कोणतेही सरकार कायद्याशिवाय माणसाला कोंडू शकत नाही, या बाजूने रोजच्या रोज बोलणारी माणसे समोर होती. चार न्यायाधीशांना ती पटवू शकली नाहीत. एकाच्या हाती मात्र त्यांनी मतासाठी लागणारी सामग्री ठेवली. वकिलाच्या कारकिर्दीच्या टिपणात हा खटला ‘पराभूत’ या रकान्यात जाणार, आणि रकाना चुकीचा आहे असेही म्हणता येत नाही. शिवकांत शुक्ल सुटले नाहीत, हे खरेच आहे.

पुढची हकीकत अनेकांना माहीत आहे. १९७८ मधल्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही २१ वे कलम गोठवता येणार नाही, अशी तरतूद केली. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. त्यातले मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. १९७६ च्या चौघांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. पिता-पुत्राची ही गोष्ट वर्तमानपत्रांना आवडली आणि पुष्कळ छापून आली. ज्यांनी एक्केचाळीस वर्षे आधी तेच म्हणणे मांडून हार पत्करली होती, त्यांची आठवण त्या दिवशी फारशी कोणी काढली नाही. तारकुंड्यांना जाऊन तोवर तेरा वर्षे झाली होती.

इथे एक जुना हिशेब आहे, आणि त्यात मला फार रस आहे. यशवंत चंद्रचूड आणि तारकुंडे हे मुंबई उच्च न्यायालयात काही वर्षे सहकारी न्यायाधीश होते. एकाने खुर्ची सोडली, दुसरा दिल्लीला वर चढत गेला. १९७६ मध्ये दोघे समोरासमोर आले तेव्हा तारकुंडे हरले. पाचेक वर्षांनी मुंबईच्या पदपथांवरच्या माणसांनी त्यांना पुन्हा एकमेकांसमोर आणले.

१३ जुलै १९८१, भर पावसाळा. पदपथांवर राहणाऱ्यांच्या झोपड्या पाडायच्या आणि माणसे आपापल्या मूळ गावी रवाना करायची, असे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. एका याचिकेत विलेपार्ल्याजवळ द्रुतगती महामार्गालगतच्या कामराज नगर वस्तीतले रहिवासी होते. इंदिरा जयसिंग, राम जेठमलानी आणि तारकुंडे अशा वकिलांनी निरनिराळ्या याचिकांची बाजू मांडली. मुद्दा असा की पदपथावर झोपणारा माणूस तिथे हौसेने झोपत नाही. काम मिळते ती जागा तिथून जवळ असते, म्हणून झोपतो. तिथून हलवलेत की त्याचे काम जाते, काम गेले की जगणे जाते. म्हणून उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोडतो.

१० जुलै १९८५ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल आला, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेला. उपजीविकेचा हक्क २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी मान्य केले. आजही रोजगार, पुनर्वसन, फेरीवाले असा कोणताही विषय निघाला की हे वाक्य उद्धृत होते. आणि त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की पदपथ हे चालण्यासाठी आहेत, महापालिकेचा अतिक्रमणे हटवण्याचा अधिकार वैध आहे, झोपड्या काढता येतील. फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत थांबा. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती, त्यांना पर्यायी जागा द्या, पण ती दिल्याशिवाय हटवता येणार नाही, असे मात्र नाही.

आता सांगा, हा खटला तारकुंडे जिंकले की हरले?

कायद्याच्या पुस्तकाला विचाराल तर जिंकले. पदपथावरच्या बाईला विचाराल तर तिला साडेतीन महिने मिळाले. माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप इथेच आहे आणि तो टाळून मला पुढे जायचे नाही. तत्त्व टिकले म्हणून वकिलाने छाती फुगवावी आणि अशिलाने भांडीकुंडी उचलावीत, यात कसले मोठेपण? अशील वकिलाकडे येतो तो स्वतःच्या छपरासाठी, निकालसंग्रहात नाव यावे म्हणून नव्हे. हरलेले खटले गौरवण्याची सवय लागली तर उद्या आळशी वकीलही म्हणेल की मी तत्त्वासाठी हरलो. तारखेला गेला नाही, उलटतपासात प्रश्न विचारले नाहीत, अपिलाची मुदत गेली, आणि नाव तत्त्वाचे. अशी माणसे प्रत्येक बारमध्ये असतात आणि त्यांच्यामुळे देशोधडीला लागलेले अशीलही मी पाहिले आहेत.

म्हणून हार पुरेशी नाही. हरताना केलेले काम तपासले पाहिजे. कागद पाहा. अशिलाला आधी खरे सांगितले होते का, की हे काम कठीण आहे? मुद्दा असा मांडला होता का की पुढच्याला तो उचलता येईल? आणि दुसरे कोणी हे वकीलपत्र घ्यायला तयार होते का? या तीन प्रश्नांवर आळशी वकील पहिल्याच पायरीवर गळतो. तारकुंडे शेवटपर्यंत टिकतात.

हारजीत हे माप किती तोकडे आहे, हे महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात तर डोळ्यांत भरते. त्या तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी २० मार्चला साजरा करतो. त्या सत्याग्रहाचा दावा किती जणांना आठवतो? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला: तळे खासगी आहे, अस्पृश्यांनी पाणी घेऊ नये अशी पूर्वापार वहिवाट आहे, म्हणून मनाई हुकूम द्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यात प्रतिवादी. तात्पुरता मनाई हुकूम निघाला. महिनाअखेर महाडला दुसरी परिषद भरली, हजारो माणसे पाणी घ्यायच्या तयारीने आली होती. त्या गर्दीपुढे उभे राहून, मनाई हुकूम असताना तळ्यावर उतरायचे नाही, हे समजावून सांगणारा माणूस नेता होता आणि बॅरिस्टरही होता. परिषदेने मनुस्मृती जाळली, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ती परतली. आपल्या माणसांचा हिरमोड आणि न्यायालयाची मर्यादा यांच्या मध्ये उभे राहणे किती अवघड असते, ते वकिली करणाऱ्यालाच ठाऊक.

तात्पुरता हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा संपला नाही. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, जिल्हा न्यायालयाने १९३३ मध्ये अपील फेटाळले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचे अपील फेटाळले. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड त्या पीठावर होते. हेच ब्रूमफिल्ड, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. तळ्याचे पाणी ओंजळीत घेतल्यापासून जवळपास दहा वर्षे लोटली होती.

जिंकले, असे आपण म्हणतो. पण निकाल वाचला तर जीत फार अरुंद होती. अस्पृश्यता अन्याय्य आहे, असे उच्च न्यायालयाने ठरवले नाही. वादींना अनादी काळापासूनची वहिवाट शाबीत करता आली नाही, एवढेच ठरवले. पुराव्याअभावी जीत. वहिवाट शाबीत झाली असती तर? या प्रश्नाने मला अजून अस्वस्थ वाटते. घटनेत अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम का लागले, याचे एक उत्तर या अरुंद निकालात आहे. वकील म्हणून बाबासाहेबांना ठाऊक होते की पुराव्याच्या कायद्यावर जिंकलेला हक्क पुराव्याच्या कायद्यावर हरूही शकतो.

आणि त्यांची एक सरळ हार. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, १९३४ ची गोष्ट. वाचकांनी लैंगिक विषयांवर विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली, एवढाच गुन्हा. वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. दलितांच्या लढ्यात, गोलमेज परिषदांत, पुणे करारात बुडालेला माणूस, ज्याच्यावर सनातनी आधीच खार खाऊन होते, त्याने आणखी एका बहिष्कृत माणसाची बाजू घेतली. राजकीयदृष्ट्या त्यात मिळवण्यासारखे काही नव्हते. लैंगिक विषयावर लिहिले की ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा मुद्दा त्यांनी मांडला. न्यायालयाने ऐकला नाही. कर्व्यांना दंड झाला. समलैंगिकतेबद्दल बोलणेही अश्लील मानणाऱ्या त्या काळापासून, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला म्हणेपर्यंत चौऱ्याऐंशी वर्षे गेली. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात घटना असते आणि ती असायलाच हवी. त्यांच्या वकिलीची आठवण काढताना मात्र कर्व्यांचा हरलेला खटला मी पहिल्या पानावर ठेवीन.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे, आता कायदा बदलला, आता कोणाला वकील मिळत नाही असे थोडेच आहे. आजही मिळत नाही. नियम असा आहे की आपण ज्या न्यायालयात वकिली करतो तिथले काम, योग्य फी मिळत असेल तर, वकिलाने स्वीकारले पाहिजे. खास कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत हे लिहिलेले आहे. तरी गावात एखादा हीन गुन्हा घडला की बार असोसिएशनची तातडीची सभा भरते आणि ठराव होतो: आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. टाळ्या वाजतात, वर्तमानपत्रात बातमी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात अशा ठरावांना बेकायदा आणि निरर्थक ठरवले, आणि तरीही ते होतच राहतात. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातल्या आरोपीसाठी न्यायालयाने नेमलेल्या वकील महिलेच्या मुंबईतल्या घरावर दगडफेक झाली होती, ती २००९ मध्ये, शंभर वर्षांपूर्वी नव्हे.

अशा ठरावाच्या सभेत मीही एकदा बसलो होतो. हात वर केला नाही, पण विरोधात बोललोही नाही. माझे ज्येष्ठ उभे राहिले आणि म्हणाले, हा ठराव माझ्यावर बंधनकारक नाही. एवढेच म्हणून बसले. दोन महिने बाररूममध्ये त्यांच्या टेबलावर कोणी चहाला बसत नव्हते. तो आरोपी पुढे दोषी ठरला, ठरायलाच हवा होता. पण खटला नीट चालला, प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी झाली, म्हणून ती शिक्षा अपिलात टिकली. शोकसभेच्या टिपणात हेही नव्हते.

आठवण ठेवायची तर कागद लागतात, आणि कागदांची अवस्था वाईट आहे. निकालपत्रात वकिलांची नावे वरती बारीक अक्षरांत येतात, त्यांचा युक्तिवाद न्यायाधीशांना हवा तेवढा चार ओळींत येतो. तोंडी युक्तिवाद हवेत विरतो. सर्वोच्च न्यायालयात घटनापीठांच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण सुरू झाले ते सप्टेंबर २०२२ मध्ये. जबलपूरच्या खटल्यात कोण काय बोलले, ते आपल्याला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत तर निकाली निघालेल्या कामांची कागदपत्रे ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. त्याला १९१७ च्या कायद्याचा आधार आहे आणि जागेअभावी त्याला इलाजही नाही, हे मी जाणतो. पण नष्ट करण्याआधी कोणीतरी ते चाळावे, एवढी तरी व्यवस्था असावी. कुळकायदा, वेठबिगारी, गिरणी संप, बहिष्काराची प्रकरणे यांतली कैफियत, लेखी युक्तिवाद आणि रोजनामा यांच्या प्रती काढून जिल्हा ग्रंथालयात किंवा विद्यापीठात ठेवता येतील. बार असोसिएशनने हे अंगावर घ्यावे. फोटोला हार घालण्यापेक्षा त्यात श्रम जास्त आहेत.

वकिलाच्या घरच्या कागदांचा प्रश्न नाजूक आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाला उघड करता येत नाही आणि ते बंधन काम संपल्यावरही सुटत नाही. जुन्या पुरावा कायद्यातही हे होते, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमातही आहे. त्यामुळे मोठ्या वकिलांची आत्मचरित्रे अनेकदा निवडक आठवणींची होतात, आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र न्यायालयात दाखल झालेला कागद गुपित नसतो. तो सगळ्यांचा आहे. वकिलाचे वारस सगळ्या फायली रद्दीत देतात तेव्हा अशिलाचे गुपित जपले जाते, आणि त्याबरोबर गावाचा इतिहासही पुठ्ठ्याच्या भावात जातो.

मुंबई उच्च न्यायालयात ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर एक फलक आहे. जुलै १९०८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवल्यावर लोकमान्य टिळकांनी काढलेले उद्गार त्यावर कोरले आहेत, ज्यूरीने काहीही म्हटले तरी मी निर्दोष आहे, या आशयाचे. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी त्याचे अनावरण केले. म्हणजे त्या न्यायालयाने स्वतःच्या भिंतीवर स्वतःच चुकल्याची आणि आरोपी हरल्याची आठवण लावून घेतली. इतके मोठे मन एका न्यायालयाला दाखवता येते, तर बारला का येऊ नये?

माझ्या ज्येष्ठांचा तो खटला कुळकायद्याचा होता. जमिनीची मालकीण १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषकदिनी, विधवा होती. त्यामुळे त्या दिवशी आपोआप मालक होणाऱ्या कुळांत हे कूळ आले नाही. ती गेल्यानंतर कुळाने जमीन विकत घ्यायची असल्याची नोटीस कलम ३२ फ खाली मुदतीत द्यायला हवी होती. कुळाला वाचता येत नव्हते आणि अशी नोटीस द्यायची असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तहसीलदारापासून प्रांत, मग महसूल न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय, असे सगळे दरवाजे झाले. ज्याला कायदा कळवायला कोणी आले नाही, त्याच्यावर मुदतीचा कायदा कसा लादता, हा एकच मुद्दा माझ्या ज्येष्ठांनी चारही ठिकाणी मांडला आणि चारही ठिकाणी हरले. फी पहिल्या पायरीनंतर घेतली नाही. त्या माणसाचा नातू अजून दर दिवाळीला त्यांच्या घरी यायचा.

शोकसभा येत्या सोमवारी आहे. कारकुनाने दिलेले टिपण मी बाजूला ठेवले आहे. उच्च न्यायालयाच्या नक्कल विभागातून त्या रिट अर्जाच्या निकालाची प्रत आणवली आहे, अडीच पानांची. दुसऱ्या पानावर त्यांचे म्हणणे तीन ओळींत आहे आणि पुढे ‘अर्ज फेटाळण्यात येतो’. त्या तीन ओळी मी वाचून दाखवणार आहे. नातवालाही निरोप पाठवला आहे, तो येतो म्हणाला.